फिल्टरची जबाबदारी माझ्याकडे

३ जानेवारी, सकाळ
आजपासून लाँचच्या इंजिनाची जबाबदारी माझ्याकडे. तसं कोणी म्हणालं नाही. पण बाबांचा उजवा हात प्लॅस्टरमध्ये गळ्यात अडकवलेला आहे आणि इंजिनाच्या खणात उतरायला दोन हात लागतात. घरात रिकामे असे दोन हात फक्त माझेच.
शनिवारी पलीकडच्या शाळेच्या मुख्याध्यापिका चाचणी फेरीला येणार. मुलांना आणि शिक्षकांना रोज खाडीपार नेण्याचं काम आपल्याकडे राहणार की धडधड्याकडे जाणार, ते त्यावर ठरेल. धडधड्या म्हणजे शेजारच्या लाँचचा मालक. हे नाव त्याच्या इंजिनावरून पडलं. काम गेलं तर आपली लाँच धक्क्याला बांधून ठेवायची, एवढंच बाबा म्हणाले.
घरातली पहिली पदवीधर हाताशी असताना ही काळजी कशाला?

दुपार
खणात उतरून पाहणी केली. धक्काच बसला. टाकीजवळचा फिल्टर, डिझेलमधली घाण अडवणारा डबा, बाबा बदलतच नाहीत! काढतात, डिझेलमध्ये खळबळून पुन्हा लावतात. विचारलं तर म्हणाले, चालत्या गाडीला खीळ घालू नये. समाज असाच सडतो, असं मी त्यांना समजावलं. ते म्हणाले, चहा आण.
माझी पदवी राज्यशास्त्राची आहे हे खरं. पण फिल्टर हाही शेवटी व्यवस्थेचाच प्रश्न आहे. घाण वरूनच येते.

४ जानेवारी
नवा फिल्टर आणायला गेले. दुकानदारबाईंनी विचारलं, कुठलं इंजिन? मी म्हणाले, डिझेलचं. त्या हसल्या. पुरुषी विचारसरणी बायकांमध्येसुद्धा किती खोल रुजली आहे!
परत जाऊन इंजिनावरचा नंबर लिहून आणला. दुकान बंद.

५ जानेवारी
फिल्टर मिळाला. संकल्प: माहितीपुस्तिका पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचल्याशिवाय पान्याला हात लावायचा नाही.
प्रस्तावना वाचली. फार प्रेरणादायी.

६ जानेवारी
पुस्तिकेचा उरलेला भाग नंतर. प्रस्तावनेत सगळं सार असतंच. पदवीच्या तिन्ही वर्षांत मी याच पद्धतीने पहिला वर्ग मिळवला.
जुना फिल्टर जागचा हलेना. हाताने झालं नाही, फडक्याने झालं नाही. शेवटी बाबांचा कातडी पट्टा गुंडाळून ओढला. पट्टा तुटला. बाबांना सांगितलं नाही. त्यांचा हात आधीच दुखतोय.

७ जानेवारी
फिल्टर निघाला! सगळं डिझेल बाहीतून खांद्यापर्यंत गेलं. आई म्हणाली, स्वयंपाकघरात पाऊल टाकू नकोस, मला गॅस पेटवायचाय. क्रांती करणाऱ्यांना घरातून असाच विरोध होतो.
आणि एक भयंकर शोध लागला. जुन्या फिल्टरच्या तोंडावर रबरी रिंगच नव्हती! इतकी वर्षं बाबांनी बिनरिंगचं इंजिन चालवलं. जाब विचारला तर म्हणाले, असेल कुठेतरी.
असेल कुठेतरी! या दोन शब्दांनी आपल्याला मागे ठेवलं.
नवा फिल्टर स्वतःच्या नव्या रिंगसकट घट्ट बसवला. हातपंप मारून, स्क्रू सैल करून, बुडबुडे थांबेपर्यंत डिझेलच्या नळीतली हवा काढली. इंजिन सुरू केलं. काय आवाज! धक्क्यावर उभ्या उभ्याच थोडा वेळ चालवून बंद केलं. बाबा मान हलवत म्हणाले, जमलं की गं. एवढं ते माझ्या निकालाच्या दिवशीही म्हणाले नव्हते.

८ जानेवारी, शनिवार
चाचणी एकंदरीत यशस्वी. काही तांत्रिक भाग वगळता.
मुख्याध्यापिका आणि दोन शिक्षक. बाबा एका हाताने चाक धरून, मी खाली खणात. अर्ध्या खाडीपर्यंत उत्तम. मग वेग वाढवला तसं इंजिन खोकलं आणि बसलं. मी हवा काढली, सुरू झालं. पुन्हा बसलं. पुन्हा हवा. पुन्हा बसलं. एवढी हवा येते कुठून, हा संशोधनाचा विषय आहे. प्रवाह लाँचला चिखलाकडे नेऊ लागला.
घाबरलेल्या माणसांना माहिती दिली की धीर येतो. म्हणून मी वर आले आणि तशाच डिझेलच्या हातांनी फिल्टर, व्यवस्था आणि नागरिकांचं कर्तव्य यांवर बोलले. एक शिक्षक लाइफ जॅकेट घालून, डोळे मिटून ऐकत होते. इतकं एकाग्र श्रोतेपण मी कॉलेजातही पाहिलं नाही.
शेवटी धडधड्याने दोर टाकून ओढत आणलं. बाबांना म्हणाला, दादा, तुमचं इंजिनही पदवीधर झालं वाटतं, आता काम करत नाही. बाबा हसले नाहीत. मीही नाही.

९ जानेवारी
फिल्टर पुन्हा उतरवला. जुनी रिंग सापडली. वर इंजिनालाच चिकटून बसली होती, काळी कुळकुळीत, इंजिनाचाच भाग वाटावी अशी. म्हणजे मी रिंगवर रिंग बसवली होती आणि त्या दोघींच्या मधून हवा आत येत होती.
थोडक्यात, मी दुप्पट संरक्षण दिलं. जुनी रिंग काढून टाका असं पुस्तिकेत लिहिलेलं आहे, पण आतल्या पानावर. इतकी महत्त्वाची गोष्ट प्रस्तावनेत नको?
जुनी काढली. इंजिन एकदम सुरळीत.

१० जानेवारी
बाबांच्या मते डिझेलमध्ये भेसळ होती. पंपवाल्याशी कडाक्याचं भांडून आले. पंपवाला म्हणाला, आजपासून दुसरीकडे भरा. मी मध्ये पडले नाही. वडीलधाऱ्यांचं मत खोडून काढणं बरं दिसत नाही.
संकल्प: रिंगचं योग्य वेळी सांगायचं.

१२ जानेवारी
मुख्याध्यापिकांचा फोन. काम धडधड्याला दिलं. मात्र माझ्याविषयी त्या फार चांगलं बोलल्या. म्हणाल्या, बुडायची वेळ आली तरी तुम्ही बोलायच्या थांबला नाहीत. शिक्षक रजेवर असताना वर्ग सांभाळायला अगदी असंच माणूस हवंय.
शिक्षिका! म्हणजे ती चाचणी मुळात माझीच होती.
आई म्हणाली, इंजिन बंद पडलं तरी तुझं तोंड चालू राहिलं. चला, तोंडाला तरी नोकरी लागली. बाबा उठले. बाहेर जाऊन लाँचचे दोर घट्ट करून आले.

२८ जानेवारी
वर्ग छान गप्प बसतो. मुलं खिडकीबाहेर बघत माझं ऐकतात.
आपल्या लाँचच्या कठड्यावर आई कपडे वाळत घालते. तिथे ऊन चांगलं लागतं म्हणे.
रिंगचं आज सांगणार होते. बाबा जेवत होते. जेवताना नको.

२१ फेब्रुवारी
बाबांचं प्लॅस्टर मागच्या आठवड्यात निघालं. आज शाळेला जायला धडधड्याच्या लाँचवर चढले तर खणातून ओळखीचं डोकं वर आलं. बाबा. त्याने त्यांना इंजिनावर ठेवून घेतलंय. घरी बोलले नव्हते.
मी वाकून बघायला गेले. बाबांनी हात पुसले आणि सगळ्या शिक्षकांसमोर म्हणाले, बाई, वर जाऊन बसा. इंजिनाकडे कोणी यायचं नाही, मालकांनी सांगितलंय.
बाई म्हणाले मला. अहोजाहो केलं.
विचार केला तर ही प्रगतीच आहे. एका घरातली दोन माणसं, एकच लाँच, दोघांना पगार. हे त्यांना सांगायला वळले होते, पण इंजिन इतकं धडधडत होतं की ऐकू गेलं नसतं.
वर जाऊन बसले.