मुलुंडच्या पंपाचं गाऱ्हाणं

मुलुंड, १२ मे १९८५

ती. काशीरामदादास धाकट्या जयवंताचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुझा गुडघा, वहिनीचा खोकला आणि काळ्या गायीचा स्वभाव, तिन्हींत उतार पडला असेल अशी आशा आहे. आम्ही खुशाल आहोत, पाणी सोडून. गिरणी बंद पडल्यावर परळची चाळ सोडून इथे आलो. ब्लॉक स्वतंत्र, संडास स्वतंत्र, नळसुद्धा स्वतंत्र (मनात आलं तर येतो).

तर सोसायटीने नवा पंप बसवला. सेक्रेटरी शहाभाईंना कुणीतरी सांगितलं की कोकणातल्या माणसाने गाऱ्हाणं घातलं की देवाला नाही म्हणवत नाही. त्यांनी नारळ माझ्या हातात दिला. मालनने (तुझी भावजय, पण माझ्यावर विश्वास नसलेली) धोतराला इस्त्री केली. आता गाऱ्हाण्यात आधी जागेच्या धन्याचं नाव घ्यावं लागतं हे तुला सांगायला नको. मी अख्खा जिना पालथा घातला. शरच्चंद्रराव साताऱ्याचे, अनुपमाबाई नागपूरच्या, शहाभाई कच्छचे. जो तो आपल्याच गावचा देव सांगे. मुलुंडचा राखणदार कोण, ते एकालाही ठाऊक नाही!

शेवटी नारळ उचलला, डोळे मिटले आणि तोंडाला सवय होती तेच आलं. "बा देवा रवळनाथा, ह्या वाडीच्या बावीक बारमास पाणी रवांदे, वाडीची लेकरां खंय पन असली तरी तुझीच म्हणान सांभाळ कर रे म्हाराजा!" मागून सगळे, शहाभाईंसकट, ओरडले, "होय म्हाराजा!" (सकाळी शिकवून ठेवलं होतं.) बटण दाबलं. पंप एकदा घरघरला आणि गप्प झाला. मालन कानाशी येऊन म्हणाली, "अवो, पाणी हय मागूचा होता ना?"

यंदा वैशाख लागला तरी वाडीतली आपली विहीर आटली नाही, असं तू मागच्या पत्रात कौतुकाने लिहिलंयस. त्यात कच्छचा आणि नागपूरचाही आवाज आहे, हे वाडीत सांग.

हसतोयस ना? मी मात्र नारळ हातात धरून रडलो, दादा. (त्या दिवशी सोसायटीत तेवढंच पाणी.) परळला सगळी आपलीच माणसं, तेव्हा काही वाटलं नाही. इथे मला 'कोकणवाले' म्हणतात आणि गावी उतरलो की 'मुंबईकार इलो' म्हणतात. 'आमचो जयवंत' म्हणणारं तुझ्यावाचून कोणी उरलं नाही, आणि तू पत्र लिहायला दोन-दोन महिने लावतोस.

वहिनीला नमस्कार, गायीला लांबूनच.

तुझा,
जयवंत

ता. क. पंप दुसऱ्या दिवशी मेकॅनिकने चालू केला. शहाभाई म्हणतात, देव पावला, लांबून यायचं म्हणून वेळ लागला.

आणखी ता. क. खरं पत्र एवढ्यासाठीच. जत्रेच्या गाऱ्हाण्यात मानकऱ्याने माझं नाव 'मुंबईकार जयवंत' असं घेतलं, हे तू कळवलं होतंस. पुढच्या जत्रेला त्याला 'काशीरामाचो भाव', नुसता तुझा भाऊ, एवढंच म्हणायला सांग. मुंबईकर फार आहेत रे, देवाला मी सापडायचा नाही.