मुठीतला दाणा

अहो,

आपली भांडुपची चाळ बिल्डरला द्यायची का, हे ठरवायला काल बैठक झाली. ‘होच म्हण,’ असं बजावून तुम्ही गावी गेलात. आपल्याकडे चाळीचे पुढारी बाळाभाऊ, त्यांचा हात वर गेला की सगळ्यांचे जातात. पण आपली लेक प्रांजल उठली. “हात नकोत. घरून एकेक दाणा मुठीत आणा. होकाराला तांदूळ, नकाराला तूरडाळ. हंड्यात सोडा.” तिच्या राज्यशास्त्राला हसायचात ना? मी तर बघतच राहिले. सही न येणाऱ्या म्हाताऱ्यासुद्धा मूठ आवळून रांगेत ताठ उभ्या होत्या.

इतकी वर्षं तुमचा हात बघून माझा वर गेला. काल माझ्या मुठीत तूरडाळ होती.

मत गुप्त असतं, म्हणते ती. म्हणून हे पत्र तुम्हाला पाठवणार नाही.

तुमची,
नलिनी