सरूचा अळणी चातुर्मास

पेण, १४ जुलै १९७३

चि. कमळाकरास थोरल्या बहिणीचे पोटभर आशीर्वाद.

इकडं समदी खुशाल, एक सून सोडून. हे पत्र तीच लिहिते हाय. मला अक्षर येत नाय, रघूला सवड नाय, म्हणून मी सांगते आणि ही सरू उतरवते. तिच्याबद्दलचंही तिनंच लिहायचं. तुलाही कळेल आणि तिच्याही कानावर पडेल.

तीन वर्षांमागं माझ्या रघूची बायको म्हणून आणली तेव्हा कशी केळीच्या गाभ्यासारखी होती, तू बघितलीस. आता तवा बघावा नि हिला बघावं. ऊन म्हणावं तर पाऊस लागल्यापासनं ही उंबऱ्याबाहेर नाय. तळहाताच्या रेषा काळ्या, हिरड्यासुद्धा काळ्या. पाण्याचा एक हंडा उचलला की भिंत धरते, जेवली की ओकते. आणि खाते काय, तर मीठ. मडक्यात हात घालून खडा उचलते नि चघळत बसते. मिठागरवाल्याच्या घरात मिठाची चोरी, लोक काय म्हणतील? शेजारची ठमाबाई म्हणालीच, तुमची सून मिठानंच करपली.

मग एकादशीपासनं मी हिला मीठ सोडायला लावलं. चार महिने अळणी. देवाचं पुण्य नि जिभेला लगाम. पहिल्या घासाला रडली. नखरे, दुसरं काय.

बहिणीवरचा लोभ आटू देऊ नको.
तुझी इंदूताई


रोहा, २१ जुलै १९७३

ती. इंदूताईस सा. न. वि. वि.

सरू, हे पत्र ताईला मोठ्याने वाचून दाखव. एक शब्द गाळू नकोस.

ताई, तुझ्या अकलेची आरती ओवाळावी तेवढी थोडी. जन्म मिठागराच्या बांधावर गेला आणि मिठाने माणूस काळे होते हा शोध तुला आत्ता लागला. आणि ठमाबाईचा शब्द म्हणजे तुला वेदच. उद्या ती विहिरीत उडी मार म्हणाली तर पदर खोचून निघशील.

पोर ओकते, भिंत धरते, खारट मागते. अगं, दिवस गेले असतील. तुझी भावजय विमलही तेच म्हणते. डोहाळ्याच्या सुनेला अळणी वाढणारी सासू मी तरी पाहिली नाही. शाळेतल्या चाळीस पोरांना शिकवीन, पण तुझ्यापुढे मी हात टेकले. तिला मीठ खाऊ दे.

रागाला येशीलच, पण माया राहू दे.
तुझा कमळाकर


पेण, ७ ऑगस्ट १९७३

चि. कमळाकरास आशीर्वाद.

हे अक्षर रघूचं हाय. सरूची बोटं कापतात म्हणे, लेखणी धरवत नाय.

तुझे डोहाळे तुझ्यापाशीच ठेव. सुईणीनं बघितलं, पोटात काय नाय. मास्तर झालास म्हणून पोटातलं दिसायला लागलं व्हय? तुझं पत्र हिनं वाचलं नि शेवटाला येऊन गप झाली. पुढं काय लिहिलंय, विचारलं तर म्हणे काय नाय. आज रघूनं वाचलं तेव्हा कळलं की मीठ खाऊ दे एवढंच राहिलं होतं. स्वतःच्या तोंडानं मागायला लाज वाटली असंल, चोरताना वाटली नाय.

परवा चुलीपाशी पडली. रघू म्हणत होता, मामाकडं नेऊ का. मी म्हटलं, व्रत मोडलं तर देव कोपंल, त्याला तू जबाबदार. मग तो आपला आगरात गेला, गुणाचा हाय. तू नारळी पुनवेला ये नि डोळ्यांनी बघ हिची सोंगं.

राग असला तरी बहीण इसरू नको.
इंदूताई


रोहा, २९ ऑगस्ट १९७३

ती. इंदूताईस सा. न.

पुनवेला आलो, आणि तुला न विचारता सरूला उचलून आणली. त्याची माफी मागणार नाही.

इथल्या डॉक्टरांनी मनगट धरले तर नाडी लागेना. त्यांनी सलाईन लावले. सलाईन म्हणजे काय, ठाऊक आहे? मिठाचे पाणी. ते शिरेतून गेले तेव्हा पोरीने डोळे उघडले. मग मुंबईच्या मोठ्या इस्पितळात नेली. मूत्रपिंडांच्या डोक्यावर दोन ग्रंथी असतात, त्या हिच्या अंगात लपलेल्या जुन्या क्षयाने वाळून गेल्या आहेत. त्यांचा रस अंगात मीठ धरून ठेवतो, ताकद देतो. तो आटला की माणूस गळतो आणि कातडी काळी पडते. मीठ अंगात टिकत नव्हते म्हणून ती मागत होती, आणि तू तिला अळणी घालत होतीस. आणखी आठवडा गेला असता तर पोर हातची गेली असती. माझे डोहाळ्यांचे निदानही तुझ्याच तोलाचे, ते असो.

आता कॉर्टिसोनच्या गोळ्या जन्मभर. मध्येच बंद केल्या तर जीव जाईल. हे रघूकडून दोनदा वाचून घे.

कमळाकर


रोहा, २० सप्टेंबर १९७३

ती. गं. भा. आत्याबाईंस सरूचा शि. सा. नमस्कार.

आजवर तुमचं लिहिलं, आज माझं लिहिते. तुमचे चिरंजीव हे वाचून दाखवतीलच.

मी बरी आहे. जिना एका दमात चढते. मामी म्हणतात, चेहराही उजळतो आहे. तुमचा निरोप मिळाला. मोडलेल्या व्रताबद्दल नवरात्रात कडक उपास करायचा, उपासात औषध चालत नाही, म्हणून नऊ दिवस गोळ्या बंद ठेवायच्या. मामांनी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, मग तिला परत इस्पितळात आणूच नका, उपयोग होणार नाही. म्हणून मी येत नाही. सोमवारी भाऊ मला माहेरी, नागोठण्याला घेऊन जाईल.

आत्याबाई, तुमचं मला नवल नाही. तुम्हाला मी काळी दिसले, आजारी दिसले नाही. तुमची नजर तेवढीच.

आता वाचणाऱ्यानं थांबू नये, पुढचं त्यांच्यासाठीच आहे. तुम्ही रोज आगरात जाऊन मिठाच्या राशी पावसात विरघळू नयेत म्हणून पेंढ्यानं शाकारत होता. परतलात की पायाला मीठ लागलेलं असायचं. मी तुमच्यापुढं हात जोडून म्हटलं होतं, "एक खडा द्या, कोणाला सांगणार नाही." तुम्ही आपल्या आईच्या खोलीकडं बघितलंत, आणि पाय धुवायला गेलात.

न्यायला येऊ नका. लोभ असावा, असं लिहायची रीत आहे. मी लिहीत नाही.

सरू