परत घेण्याची हमी

आबा,

तू मला ओळखणार नाहीस, हे धरूनच चालते. जिवंत होतास तेव्हासुद्धा मला हाक मारताना आधी दुसऱ्या दोन बहिणींची नावं घेऊन मग माझ्यावर यायचास. बैलांची नावं मात्र कधी चुकला नाहीस. तर ओळख सांगते. मी तुझी मधली. जिला तू काकड्यांच्या पाट्यांशेजारी बैलगाडीत बसवून कल्याणला सासरी परत पोचवलीस, ती. आणि हे अरे-तुरे ऐकून डोळे वटारू नकोस. तू गेलास त्या वयापेक्षा आता मी म्हातारी आहे, म्हणजे मोठी मीच. नात लिहून घेतेय, कारण मला अक्षर येत नाही. ते का येत नाही, हेही तू विसरला असशील.

सांगायचं म्हणजे मी मोटार घेतली. तुझ्या शेताच्या पैशातून. तू गेल्यावर भाऊ हक्कसोडीवर माझा अंगठा मागायला आलेले, पेढे घेऊन. पेढे मी खाल्ले, अंगठा दिला नाही. माझ्या वाटची ती नदीकडची पट्टी यंदा विकली. तू ती पोरांसाठी राखलेलीस ना? बांधावर उभा राहून म्हणायचास, पोरी काय, आज आहेत उद्या नाहीत. ऐक मग, तुझी पट्टी आता चार चाकांवर डोंबिवलीत फिरते.

गाडी निवडायला मुलाबरोबर शीळ रोडच्या शोरूममध्ये गेले. माझा मुलगा म्हणजे या नातीचा बाप. त्याच्या तोंडी जेवताना रिसेल, चहा पिताना रिसेल. मला समजावतो, "आई, गाडी घेतानाच विकायचा विचार करायचा. पांढरी घ्यायची, पांढरीला गिऱ्हाईक पटकन मिळतं. पार्ट गल्लोगल्ली मिळाले पाहिजेत, आणि इंजिन असं पाहिजे की दहा वर्षं कुरकूर नको." मी म्हटलं, "अरे, अजून दारात आली नाही, आणि तू तिची पाठवणी करायला बसलास?" तो हसला नाही. हसणार कसा, त्याच्या डोक्यात दुसरीच पाठवणी चाललेली. ही नात खोपटला सासरी असते. असायची. गणपतीत बॅग घेऊन आली ती परत गेली नाही. मनगट काळंनिळं होतं. बापाने एकदा बघितलं आणि मग टीव्हीचा आवाज वाढवला. तेव्हाच मला तू दिसलास, आबा. नाक तर त्याने तुझं घेतलेलंच आहे.

टाय लावलेला एक पोरगा आम्हाला गाड्या दाखवत होता. फार गोड. मी प्रत्येक गाडीचं दार लावून आवाज ऐकत होते, पुढच्या सीटवर बसून गुडघे कुठे येतात ते बघत होते. मुलाला लाज वाटत होती, त्या पोराला मजा. शेवटी मुलाला आवडलेल्या गाडीपाशी थांबून तो म्हणाला, "आणि आजी, हिच्यावर आमची परत घेण्याची हमी आहे. तीन वर्षांनी नको झाली तर आम्हीच परत घेणार."

मी विचारलं, "ठोकलेली असली तर?"

"तरी घेणार. किंमत थोडी कमी होईल, पण घेणार."

"का आणली, काय झालं, असं विचारणार?"

"कशाला आजी? आणलीत, बस. आधी चावी द्या, चहा घ्या."

मी त्या गाडीतच बसून राहिले. बाहेर मुलगा विचारतोय, आई, बरं वाटत नाहीये का. आणि मी खडवलीला तुझ्या ओट्यावर उभी आहे. कल्याणहून रुळांच्या कडेकडेने चालत आलेय, उजवा हात सुजून वर उचलवत नाही, पायात चपला नाहीत. आई काही न विचारता पाण्याचा तांब्या पुढे करते. तू बैलांना वैरण घालतोस. माझ्याकडे वळून बघत नाहीस. म्हणतोस, "दिलेली पोर परत घ्यायला माझं घर काय दुकान आहे?" दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत तू गाडी जुंपलीस. माल बाजारात न्यायचाच होता, वेगळी फेरी पडली नाही. सासूच्या दारात मला उतरवून तू म्हणालास, "पुन्हा येणार नाही ती," आणि काकड्या विकायला गेलास. न खपलेल्या काकड्या तू संध्याकाळी घरी परत आणायचास, आबा. लहानपणी मीच त्या उतरवून घ्यायचे. वाकड्या, पिवळ्या पडलेल्या, सगळ्या परत यायच्या. मला त्या काकड्यांचा हेवा वाटला, हे मी आजवर कोणाला बोलले नव्हते. पुढे नवरा निवळला की मारून मारून दमला, देव जाणे. मी टिकले. तुझ्या हिशेबात माल भरवशाचा निघाला.

तर शोरूममध्ये मुलगा टेबलाशी बसून हळूच म्हणतो, "गाडी मिळाली की पहिली फेरी खोपटला. पोरीला सोडून येतो. नव्या गाडीतून सोडली की सासरचेही जरा दबकून राहतील."

मी टायवाल्याला म्हटलं, "बाळा, कागद नातीच्या नावावर कर."

"आई!"

"शेत माझं. गाडी कोणाची ते मी सांगणार."

"अगं पण ती सासरी गेल्यावर..."

"गाडी तिची. कुठे न्यायची ते ती बघेल. गाडी चालवायचा क्लास केलाय ना तिने, तुला दामटून सोडायला जायची गरज नाही. आणि घर डोंबिवलीचं माझ्या नावावर आहे, तेही विसरू नकोस. तिची खोली तिचीच राहणार."

तो टायवाला पोरगा कागदांमध्ये इतका बुडाला की बिचाऱ्याचं नाक टेबलाला लागलं. मुलगा कपाळाला हात लावून बसला. थोड्या वेळाने पडेल आवाजात म्हणाला, "निदान पांढरी तरी घे." नातीला फोन लावला. ती म्हणाली लाल. लाल घेतली. इंजिन मुलाच्या पसंतीचं, भरवशाचं. रिसेल गेली खड्ड्यात.

पहिली फेरी खडवलीला. चाकाखाली लिंबू मी ठेवलं, स्टिअरिंगवर नात, शेजारी मी. नदीकडून गावात शिरलो, तुझ्या दारात गाडी उभी केली आणि हॉर्न वाजवायला लावला. भावाचा मुलगा धावत आला. "आत्या! अगं उतर ना, चहा टाकतो!" मी काच अर्धीच खाली केली. म्हटलं, "नको रे. मी दारातूनच परत जाते. सवय आहे." उघड्या दारातून भिंतीवरचा तुझा फोटो दिसत होता, हार घातलेला. तू सरळ माझ्याकडे बघत होतास. फोटोतल्या माणसाला मान फिरवता येत नाही, हे मला फार आवडलं. नातीला सांगितलं, जरा थांब, बघू दे त्याला पोटभर.

एवढाच सूड. म्हातारीच्या ऐपतीचा. पण मला तो गुळासारखा गोड लागला, खोटं कशाला सांगू.

नात विचारतेय, हे पत्र टाकायचं कुठे? मी म्हटलं, कुठे नाही, राहू दे गाडीतच. ती म्हणते, मग लिहिलं कशाला? आता हे तिला सांगितलं नव्हतं, पण लिहीतच आहे तर लिहू दे. हॉर्न मी दोनदा वाजवायला लावला होता. पहिला गावाला दाखवायला. दुसरा वाजला तेव्हा मी दाराकडे बघत होते, तू बाहेर येतोस का म्हणून.

आई तिकडे तुझ्यापाशीच असेल. तिला सांग, काही पाठवायचंच असलं तर वालाचं बिरडं पाठव, ओलं खोबरं सढळ हाताने घालून, आणि बरोबर सुका जवळा, कांद्यावर परतलेला. दोघींना पुरेल एवढं. डबा तिनेच भरायचा. तू हात लावायचा नाहीस.