चार बोटं खाली

मु. पो. बावडा, ता. इंदापूर
सोमवार, डेअरीला दूध घालून आल्यावर

प्रिय मानसिंगभाऊजी,

वहिनीचा आशीर्वाद घ्या. (वयानं तुम्ही मोठे असलात तरी मानानं मी मोठी, हे तुम्हीच माझ्या लग्नात कबूल केलं होतं.) तुमची शुगर, रेश्माचा गुडघा आणि पुण्यातलं पाणी, तिन्ही आपापल्या जागी असतील अशी आशा करते. इकडं सगळं बरं आहे. तुमचे बंधू ठिबकच्या नळ्यांत गुंतलेत, म्हणून पत्र मी लिहितेय. फोन केला असता, पण तुम्ही मधेच ओरडता आणि माझं सांगायचं राहून जातं. पत्रावर खुशाल ओरडा, मला ऐकू येत नाही.

तर गाडी. रविवारी गिऱ्हाईक बारामतीला बघायला येणार, तोवर चालू करून ठेवा, असं तुम्ही सांगितलंत. चौदा वर्षं आमच्या गोठ्याशेजारी ताडपत्रीखाली निजलेली तुमची लाल, दोन दारांची, विलायती स्पोर्ट्स कार मी ट्रॉलीत घालून इंदापूरला गोकुळ मिस्त्रीकडं नेली. आठ दिवसांत इंजिन बोलायला लागलं. पण गोकुळनं मोबाइलवर तसल्या गाड्यांचे फोटो दाखवले, त्या सगळ्या जमिनीला चिकटून बसलेल्या, आणि आपली मात्र कुत्रं बघितलेल्या शेळीसारखी चारी पाय ताठ करून उभी! मला बघवेना. गिऱ्हाईकाच्या मनात भरावी एवढ्याच हेतूनं (देवाशप्पथ) मी म्हटलं, हिला खाली घे. गोकुळ म्हणाला, "वहिनी, स्प्रिंगा कापाव्या लागत्याल. एकदा कापल्या की परत जोडता येत न्हाईत." म्हटलं, काप. एक वेढा कापला, गाडी दोन बोटं खाली आली. मी लांब जाऊन बघितलं, उकिडवं बसून बघितलं, आणि म्हटलं, अजून एक. चार बोटं झाली आणि भाऊजी, काय सांगू! चाकांवर मडगार्ड असं आलं, जसा कपाळावर पदर. गोकुळची बायको तव्यावरची भाकरी तशीच टाकून बघायला आली.

रविवारी निघाले. आपल्या शेजारच्या रंगूअक्कांना चष्मा आणायचा होता, म्हणून त्याही गाडीत. मला ट्रॅक्टरची सवय, तिथून लोकांची छपरं दिसतात. इथून लोकांचे गुडघे दिसले आणि म्हशींची पोटं. लासुर्ण्याच्या अलीकडं गतिरोधक आला. मी ट्रॅक्टरच्या हिशोबानं चढवली आणि गाडी पोटावर टेकली. पुढं जाईना, मागं येईना. अक्का उतरल्या तर वजन कमी होईल म्हणून त्यांना उतरा म्हटलं. त्यांनी आधी काठी बाहेर काढली, मग एक पाय, मग तळहात रस्त्यावर टेकला, आणि त्याच अवस्थेत थांबून येणाऱ्या-जाणाऱ्याला रामराम घालू लागल्या. मागं उसाच्या दोन ट्रॉल्या तुंबल्या. त्या ट्रॅक्टरवरचा म्हस्कू खाली उतरला, सगळीकडून बघितलं आणि काळजीनं म्हणाला, "मावशी, चाकं जमिनीत गेली का काय?" मग चौघांनी मिळून आधी अक्कांना उचललं, मग गाडीला. (अक्का जड निघाल्या, असं म्हस्कूचं मत. माझं नाही.) पुढच्या प्रत्येक गतिरोधकाला अक्का आधीच उतरायच्या, चालत ओलांडायच्या आणि पलीकडं परत बसायच्या. शेवटच्या गतिरोधकाला म्हणाल्या, "तू जा पुढं. मी चालतच येते, मला लवकर पोचायचं हाय."

बारामतीत तुमचं गिऱ्हाईक, संदेशसाहेब, बॅटरी घेऊन गाडीखाली निजले आणि बाहेर आले ते पांढरेफटक. "मूळ स्प्रिंगा कुणी कापल्या?" म्हटलं, मी. त्यांनी चहासुद्धा अर्धा टाकला. मला गाडी नको म्हणाले, आणि गेले. मला फार वाईट वाटलं. (साधारण रसवंतीपर्यंत वाटलं.)

परतीला कालव्याकडेच्या मोकळ्या रस्त्यानं आले. भाऊजी, या गाडीला वळणावर घोरपडीसारखी चिकटून पळताना तुम्ही कधी बघितलंय का? कलत नाही, डुलत नाही! दोन्ही अंगांनी ऊस सपासप मागं पडतोय, खालून रस्त्याचा खडानखडा कळतोय, पदर खिडकीबाहेर फडफडतोय, आणि पन्नाशी उलटलेली मी मोठमोठ्यानं हसतेय. अक्का घाबरल्या असतील म्हणून वेग कमी केला, तर नवा चष्मा सावरत म्हणाल्या, "का गं, रोहिणे? आता कुठं दिसाय लागलंय, पळीव की!"

रेश्माला आणि मुलांना आशीर्वाद. मनाला लावून घेऊ नका, शुगर वाढते.

तुमची वहिनी,
रोहिणी

ता. क. : सोबत गाडी नावावर करायचा फॉर्म आहे. पेन्सिलीनं फुली मारलीय तिथं सही करा. घेणाऱ्याच्या जागी माझं नाव लिहून ठेवलंय, तुम्हाला त्रास नको. किंमत तुम्ही म्हणाल ती, पण कापलेल्या स्प्रिंगांची.

ता. क. २ : तुमच्यापासून काय लपवायचं? मूळ स्प्रिंगा कापल्या तर हौशी गिऱ्हाईक गाडीला हात लावत नाही, हे गोकुळनं कापायच्या आधीच सांगितलं होतं, आणि मला नीट ऐकू आलं होतं. म्हणूनच दुसरा वेढा कापायला लावला. एका वेढ्यावर तो माणूस कदाचित तयार झाला असता.