शपथेवर मिळालेला कोट

नेब्रास्का, नोव्हेंबर १८७४

प्रिय ऑरिलाताई,

हे पत्र आधी एकटीच वाच. आमची पहिली जमीन सुटली, आम्ही आणखी पश्चिमेला सरकलो, आणि लाजेपायी मी तुम्हाला नवा पत्ताही कळवला नाही. ओहायोहून निघताना माझ्या नवऱ्याने, लायमनने, केवढ्या बढाया मारल्या होत्या! मीही काही कमी नव्हते. ‘गहू खांद्याला लागतो’ असं लिहिलं होतं ना मी? तो गहू शेजाऱ्याचा होता, ताई.

इथलं घर म्हणजे गवताच्या मुळांसकट नांगरून काढलेल्या मातीच्या ढेपा, एकीवर एक रचलेल्या. पाऊस थांबला तरी आत गळत राहतं. लाकूड नाही, म्हणून वाळल्या गवताचे पीळ करून चुलीत घालते. तरी यंदा मका छान उभा होता. मग टोळ आले. आभाळ काळं झालं, तशी मी घाबरून घरातल्या गोधड्या, कोट, होतं नव्हतं ते सगळं भाजीच्या वाफ्यांवर पांघरलं. टोळांनी आधी कपडे खाल्ले, मग कोबी. लायमन म्हणाला, “तुझ्या कोबीला थंडी वाजत होती का गं?” आणि हसता हसता रडायलाच लागला. आता बर्फ पडायला लागलाय आणि मुलांच्या अंगावर घालायला काही नाही.

पूर्वेकडून जुन्या कपड्यांनी भरलेली मदतीची पिपं आली, पण ती घ्यायची तर सगळ्यांसमोर बायबलवर हात ठेवून सांगावं लागतं, की घरात खायला-ल्यायला काही नाही. “भीक मागायला मी येणार नाही,” म्हणत लायमन बाहेर घोड्यांपाशीच थांबला. वाटप चाललं होतं तिथे मी एकटी आत गेले. वाटप करणाऱ्या बाई जरा मोठ्यानेच म्हणाल्या, “नीट ऐकू येईल असं बोला हो.” मी बोलले. माझाच आवाज मला परक्याचा वाटला. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात शेजारची इंगेबोर्ग ओरडली, “अगं थर्झा, हे तर तुझ्याच गावचं पीप!” झाकणावर आपल्या चर्चचं नाव होतं. वाटलं, जमीन दुभंगावी आणि पोटात घ्यावं. जुन्या मैत्रिणींचेच कपडे नशिबी आले, एवढंच तेव्हा मनात आलं. बाईंनी वरचाच एक काळा लोकरी कोट माझ्या हातात ठेवला. मी तो घाईघाईने अंगात घातला, बटणं लावली आणि ताई, खरं सांगते, आधी मला ऊब लागून नुसतं बरं वाटलं.

घरी येऊन मुलीसाठी कापायला म्हणून तो उलटा केला. आत अस्तर होतं आपल्या बाबांच्या लग्नातल्या निळ्या रेशमी बंडीचं. ते आईने आपल्यासमोरच स्वतःच्या कोटाला बसवलं होतं. तू तो कोट एकदा जत्रेला मागितलास, तर काय म्हणाली होती, आठवतं? “मी मेले की घे, तोवर हात लावायचा नाही.” मी कात्री खाली ठेवली आहे. मुलगी गोणपाट गुंडाळून बसलीय, तरी मला तो कापवत नाही. आई अजून असेल तर तिला काही सांगू नकोस. मी कोट तसाच परत पाठवते. नसेल, तर तेवढं लिही, म्हणजे मी कापायला घेईन.

तुझीच,
थर्झा