गळून पडलेल्या पट्ट्या

२० एप्रिल

एकतीस! चार महिने पट्ट्या लावून रक्तात इस्ट्रोजेन फक्त एकतीस. नांदेडचे डॉक्टर फोनवर हळू आवाजात म्हणाले, "एवढं तर कुठल्याही पुरुषात असतं." त्यांना टोचून बोलायचं नव्हतं. टोचलंच.

"पट्टी पूर्ण चिकटून राहते का?" कशी राहील? हिंगोलीचं हे ऊन. ऑफिसातला पंखा साहेबांच्या डोक्यावर. दुपारपर्यंत शर्ट अंगाला चिकटतो अन् पट्टी शर्टाला! औषध कातडीतून रक्तात जायचं, तर पट्टी कातडीवर तरी पाहिजे ना.

ऑफिसात कुलदीप. तांड्यावर कुलदीप. शिला फक्त डॉक्टरांपुढे, अन् इथे, या वहीत.

२ मे

याडी आली तांड्यावरून. गुडघ्याचा इलाज होईपर्यंत इथेच राहणार. एकच खोली. आंघोळ करून शर्ट घालताना तिनं पट्टी बघितलीच.

"पोटाला काय लावलं रे?"

"दुखण्याची पट्टी आहे."

"मंग मलाबी दे एक. गुडघा लई तकलीफ देऊन राहिला."

"डॉक्टरनं मलाच दिली. तुला न्हाई चालणार."

गुडघा चोळत बसली. आईला एक पट्टी न देणारा पोरगा — असंच वाटलं असेल तिला.

११ मे

आज पुन्हा एक गळाली. एकदा कड सुटली की परत चिकटत नाही. टाकली डब्यात, नवी लावली.

बापूंचा फोन. "पोरगी बघायला कधी येऊन राहिला?" स्वतःचं शरीर ऐकत नाही माझं, बापूंना काय ऐकवू!

१९ मे

आरशात काही फरक नाही. काही म्हणजे काहीच नाही.

२९ मे

दुपारी घरी आले. याडी झोपलेली, घागरा गुडघ्यावर सरकलेला. अन् गुडघ्यावर माझी पट्टी! वरून पारदर्शक चिकटपट्टी लावून घट्ट बसवलेली. ओढून काढली. ती दचकून उठली.

"कचऱ्यातलं काहून उचललंस?"

"तू फेकलेलंच घेतलं ना? आल्यापास्नं लावून राहिले. बरं वाटते."

आल्यापासून! गळालेल्या पट्टीतही बरंच औषध उरतं. चिकट बाजू आत घडी करून टाका, असं डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत बजावलं होतं. मी चिडून तशीच भिरकावत होते. आता तरी खरं सांगायचं? "घाण आहे ती, पुन्हा हात लावू नको" — एवढंच बोलले. ती कूस बदलून झोपली.

४ जून

डॉक्टरांनी जागा बदलायला लावली. आता कुल्ल्याच्या वरच्या बाजूला. अंग खडखडीत कोरडं करायचं, तेल नाही, पावडर नाही, तळहातानं दाबून धरायचं. वरून चिकटपट्टी — ही युक्ती याडीचीच. हलत नाही!

९ जून

एकशे चौदा! लॅबच्या पायरीवर उभी राहून रिपोर्ट परत परत वाचला. कोणाला सांगू? ओळखीचं एक माणूस नाही या गावात, ज्याला हे सांगावं.

खोलीवर आले तर याडी मोरीत बसून कपडा धुवत होती. पाणी लाल. मला बघून तिनं कपडा मागे लपवला.

"पाळी आली रे. या वयात! कोणाला बोलू नको."

बंद होऊन किती वर्षं झाली तिची. साठी उलटली. मी तिथेच दाराला धरून उभी. माझ्या अंगात जे महिनोन्महिने भिनायला तयार नव्हतं, ते तिच्या अंगात बराबर भिनलं. माझ्या एका खोट्यापायी. रिपोर्ट खिशातच चुरगळला.

१० जून

दवाखाना. सोनोग्राफी झाली. गर्भाशयाचं अस्तर जाड झालंय. तुकडा तपासायला पाठवला. पट्ट्यांचं मीच सांगितलं. पट्टीचं नाव ऐकून डॉक्टरीणबाईंनी मान वर केली. "ही बायकांची हार्मोनची पट्टी. घरात कोण वापरतं?"



याडी म्हणाली, "माझी लेक." अन् माझ्याकडे हात केला. "तिला खुर्ची द्या बाई. सकाळपास्नं उभी हाय."